हातावरून गेलेलं ताट

दामिनीला राग आला की ती भांडी घासायची. पास्टर भूपेश घरी आला त्या दिवशी तिने सकाळी घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा मोरीत काढली, यावरून काय ते समजा.

तो बिचारा नागपुरात धरमपेठेतल्या तिच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीत कुलरसमोर बसला होता. पन्हं पिऊन झालं होतं, रिकामा ग्लास हातातच होता. इतवारीच्या बाजारामागे विणकरांची जुनी वस्ती आहे, तिथल्या कृपासदन या ख्रिस्ती मंडळीचा हा नवा पाळक. वय तिशीचं, मिशी अजून नीट भरलेली नाही. दामिनी पन्नाशी उलटलेली, दवाखान्यात सिस्टर, आणि रविवारी ज्या मंडळीचं बोलावणं येईल तिथे जाऊन संदेश देणारी. तिचा संदेश ऐकताना माणसं पेंगत नसत. पेंगणाऱ्याचं नाव घेऊन ती त्याला उठवत असे.

"ताई, तुमचा योनावरचा संदेश मी दोनदा ऐकला," भूपेश मोरीच्या दिशेने म्हणाला. "म्हणूनच आलो. येत्या रविवारी आमच्याकडे या. बोला त्यांच्याशी. कडक बोला."

"कोणाशी?"

"आमच्या मंडळीशी. रुपरावकाकांशी."

आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग दामिनी ओले हात पदराला न पुसताच बाहेर आली.

"पास्टर, तुमाले माहीत हाये का, मी कोणाची पोरगी हाये?"

"मैनाबाईंची," तो खाली बघत म्हणाला. "मंडळीतल्या बायांनी सांगितलं मले. म्हणूनच तुम्ही पाहिजे. त्यांनी तुमच्याच तोंडून ऐकलं पाहिजे."

मैनाबाई दामिनीची आई. जातीने कोष्टी, नवरा हातमागावर विणायचा आणि ही सुताच्या कांड्या भरून द्यायची. दोघांनी उतारवयात बाप्तिस्मा घेतला तो याच कृपासदनात. तिथे प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायला लाल किनारीचं पांढरं कापड नवराबायकोने मागावर काढून दिलं, पैसे न घेता. नवरा वारला. मैनाबाई रविवार चुकवायची नाही. मग उमरेडला तिचा भाऊ वारला. भाऊ हिंदूच होता, त्याचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मैनाबाई तेराव्या दिवशी तेरवीला गेली, पंगतीत बसली, जेवली आणि परत आली. तिच्या मनात काही पाप नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी तिने मंडळीत उभं राहून स्वतःच सांगितलं, की भावाच्या तेरवीला जाऊन आली, माझ्या वहिनीसाठी प्रार्थना करा.

तो प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायचा रविवार होता. कृपासदनात भाकरीचे बारीक तुकडे पितळी ताटात ठेवून कारभार पाहणारी वडीलमंडळी ते ताट सतरंजीवर बसलेल्या ओळींतून फिरवतात आणि ज्याने त्याने आपला तुकडा घ्यायचा असतो. त्या दिवशी बायांच्या ओळीत त्यांच्यातले रुपराव ताट घेऊन आले. मैनाबाईने हात पुढे केला. रुपरावांनी ताट वर उचललं, तिच्या हातावरून पलीकडच्या बाईसमोर नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन पंगतीत जेवाले नाही मिळत, मैनाबाई."

मैनाबाईचा हात तसाच राहिला. घ्यायचं असतं ते मिळालं नाही हे त्या हाताला उशिरा कळलं. बाजूला बसलेल्या दामिनीने तो हात धरून आईला उठवलं आणि बाहेर नेलं. ते ताट आपण उलटं का केलं नाही, याचा तिला आजही राग येतो. ताटाखाली मेजावर कापड कोणतं होतं, हे आठवलं की डोकंच फिरतं.

"तू गेलीच कायले तिथी जेवाले?" तिने घरी आल्यावर आईला विचारलं होतं.

"वहिनीनं सोताच्या हातानं वाढलं वं," मैनाबाई म्हणाली. "रडून राहिली होती ते. रडणाऱ्याच्या हातचं कसं नाही म्हणू?"

हे उत्तर ऐकून दामिनीचा संताप आणखी वाढला. आणि त्याच्याहून मोठा संताप पुढे होता. म्हातारी पुन्हा मंडळीत गेली नाही, पण दर रविवारी घरी भिंतीशी बसून प्रार्थना करायची आणि त्यात रुपरावांचं नाव घ्यायची. रुपरावांना शुगर होती, पायाची जखम भरत नव्हती. त्या जखमेसाठी ही बाई देवाकडे भीक मागायची! त्याच हिवाळ्यात ती गेली. मातीला कृपासदनातून कोणी आलं नाही. रुपरावांनी तसं सांगितलं होतं म्हणे. शेजारच्या धम्मदीपने आणि त्याच्या भावांनी खांदा दिला. ते बौद्ध, त्यांना ना प्रभुभोजनाचं देणं ना घेणं, पण माणूस मेलं की खांदा द्यायचा असतो एवढं त्यांना कळत होतं.

"आता काय झालं तुमच्या मंडळीले?" दामिनीने भूपेशला विचारलं.

भूपेशने सांगितलं ते असं. मैनाबाईनंतर ती सवयच पडली. कोणी पुतणीच्या हळदीला गेली म्हणून, कोणाच्या कपाळाला गुलाल दिसला म्हणून, कोणी मयतीत नारळ धरला म्हणून, एकेकाच्या हातावरून ताट जात राहिलं. खाणारे कमी होत गेले, पाहत बसणारे वाढले. मग पाहणाऱ्यांनी खाणाऱ्यांची लफडी शोधून काढली. आता निम्मी मंडळी निम्मीशी बोलत नाही. शेवटी भूपेशने ताटच बंद केलं. आधी समेट, मग प्रभुभोजन, असं त्याने मेजासमोर उभं राहून सांगितलं, आणि वडीलमंडळ त्यालाच हाकलायच्या गोष्टी करू लागलं.

"मंडळी बुडून राहिली, ताई."

"बुडू द्या," दामिनी म्हणाली. "मले रविवारी काटोलले जायचं हाये."

भूपेश गेला. काटोलच्या महिला सभेने दामिनीला बोलावलं नव्हतं. तिने लगेच फोन लावला आणि स्वतःला बोलावून घेतलं.

इतवारी पूर्वेला, काटोल पश्चिमेला. बायबलातल्या योना संदेष्ट्यानेही हेच केलं होतं. देवाने निनवे शहराला जा, त्यांना सांग म्हटलं, तर तो पठ्ठ्या उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. हे साम्य दामिनीच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आलं, पण तिने येऊ दिलं नाही.

खरं सांगायचं तर भूपेश येण्याआधीपासून तिला कुणकुण होती. देव दामिनीशी बोलायचा तो स्वयंपाकघरात, सकाळच्या चहाच्या वेळी. दर्शन नाही, वाणी नाही. एखादं नाव मनात येऊन बसायचं आणि हलायचं नाही. त्या नावाच्या घरी ती जायची आणि तिथे खरोखर कोणी आजारी नाहीतर रडकुंडीला आलेलं असायचं. गेले कित्येक दिवस चहा उकळताना एकच नाव येत होतं, कृपासदन. ती गॅस बंद करायची आणि चहा कच्चाच प्यायची.

"मी भीत नाही," तिने देवाला मोरीतूनच सांगितलं. "भीत असती तर बरं होतं. मले माहीत हाये तू कसा हायेस. मी जाईन, बोलीन, ते रडतीन, आणि तू विरघळशीन. झालं! तुह्या हिशेबात सगळं फिटलं. मंग माही माय कोणाची? तिच्याकडून कोण हाये इथं? मी एकटी हावो, आणि मी नाही जात."

आणि ती पुन्हा पातेलं घासायला लागली. 

काटोलची सभा एका विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती घराच्या अंगणात होती, वर हिरवी जाळी बांधलेली. बाया पन्नासेक तरी असतील, हातात पंखे. संदेश कोणता द्यायचा ते तिने ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि सवयीने योनाच आला. मग थांबता येईना. योना कसा पळाला, वादळ कसं आलं, खलाशी कसे गयावया करू लागले, त्याला समुद्रात कसं टाकलं, माशाने कसं गिळलं. दामिनीचा मासा ऐकावा असा असायचा. बायांनी तोंडाला पदर लावले. मग नेहमीचे धडे तिने सांगितले, की बहिणींनो, देवाची आज्ञा मोडून कोणी सुखाने गेलं नाही. आपण पळालो की आपल्यासोबत जहाजातले बाकीचेही हकनाक बुडायला लागतात. आणि माशाच्या पोटातून मारलेली हाकही त्याला ऐकू जाते. योना निनवेत गेला, शहराने पश्चात्ताप केला, देवाने शहर वाचवलं. आमेन.

इथेच ती नेहमी संपवायची. योनाचा चौथा अध्याय तिने कधी कुठल्या मंडळीत घेतला नव्हता. वेळ पुरत नाही, असं ती सांगायची.

पहिल्या ओळीत बायजाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. विश्वासात नवीन आलेली, वाचता येत नाही, गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. तिने मध्येच हात वर केला.

"मंग तो खुश झाला असंन न वं, बाई? त्याच्या बोलण्यानं एवढं मोठ्ठं गाव वाचलं तर?"

दामिनी पाणी पीत होती. ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "चिडला."

"चिडला? काहून?"

साऱ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. काहींना माहीत होतं, बऱ्याच जणींना नव्हतं. दामिनीने खोटं बोलायचा विचार केला. पण बायजाबाई अशी तोंड उघडं टाकून पाहत होती, की त्या तोंडावर खोटं मारता आलं नाही.

"त्याले वाटत होतं का गाव मरावं. त्या गावानं त्याच्या लोकांवर लय जुलूम केला होता."

"असं होय," बायजाबाई म्हणाली. थोडा विचार करून तिने विचारलं, "मंग तो देवावर चिडला का गावावर?"

"देवावर."

"अन् देवानं त्याले मारलं नाही?"

"नाही."

"बाप्पा! म्हंजे देवानं त्याचंही ऐकून घेतलं," बायजाबाई म्हणाली, आणि खूश होऊन मागे टेकून बसली. जणू गोष्टीतला चांगला भाग आत्ता कुठे आला होता.

परतीच्या बसमध्ये दामिनी खिडकीशी बसली. गरम वारा तोंडावर येत होता. तिला बायजाबाईचा राग आला, भूपेशचा आला, काटोलच्या रस्त्याचा आला. नागपूर आलं तसा तिने फोन काढला.

"पास्टर, पुढच्या रविवारी येते. पण एक सांगून ठेवते. मी आशीर्वाद द्यायले नाही येऊन राहिली. मी जे बोलीन त्यात 'पण' नसंन."

"चालंन, ताई," भूपेश म्हणाला. त्याला 'पण' म्हणजे काय ते कळलं नव्हतं.

संदेश देणाऱ्या माणसाला कळतं. उपदेश कितीही कडक असो, शेवटी एक 'पण' असतो. तुम्ही पापी आहात, पण तो दयाळू आहे. तुमच्या पापाचं माप भरलं आहे, पण दार उघडं आहे. दामिनीने आठवडाभर संदेश तयार केला आणि त्यातून 'पण' वेचून काढला, तांदळातले खडे वेचावेत तसा. तिला कृपासदनाला फक्त शाप ऐकवायचा होता. आणि मनातून एक आशा होती, की रुपराव चिडतील. उठून ओरडतील, अपमान करतील, म्हणतील बाई बाहेर निघ. म्हणजे मग देवालाही दिसेल की ही माणसं सुधारण्यातली नाहीत.

रविवारी इतवारी बंद असते. भांड्यांच्या दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर ठेले ताडपत्री टाकून उभे. मे महिन्याचं ऊन सकाळीच अंगावर येत होतं. कृपासदनाच्या टिनाच्या छपराखाली कुलर घरघरत होते. बायांच्या सतरंजीवरून पुढे जाताना दामिनीने आई बसायची ती जागा पाहिली आणि लगेच नजर काढून घेतली. मेजावर तेच कापड होतं. धुऊन धुऊन किनार फिकट झाली होती. त्यावर झाकून ठेवलेलं ताट होतं. वडीलमंडळाला न विचारता भूपेशने ते मांडून ठेवलं होतं. मोठा धीराचा पोरगा.

रुपराव पुरुषांच्या ओळीत खुर्चीवर बसले होते. त्यांचं शरीर निम्मं झालं होतं. दामिनीला वाटलं होतं ते तसेच असतील, उंच, ताठ. ते म्हातारे झालेले पाहून तिला बरं वाटलं नाही. तिला तेच जुने रुपराव हवे होते.

ती उभी राहिली आणि बोलली. बायबलातलं वचन वाचलं नाही, गीत म्हटलं नाही.

"या मेजावरचं कापड माह्या बापानं विणलं. त्याच्या कांड्या माह्या मायनं भरल्या. तुम्ही त्या कापडावर ताट ठेवलं आणि ते ताट तिच्याच हातावरून उचलून नेलं. ते मेली तर मातीले आले नाही. तुमच्यापैकी एकाच्याही पायात काटा रुतला नव्हता, सगळे घरी होते. मले माहीत हाये, मी नावं घेऊ शकते. तुम्ही लोकांच्या पंगती मोजल्या. कोण कुठी जेवलं, कोणाच्या कपाळावर काय लागलं. देवाचं ताट तुम्ही पोलिसाच्या काठीसारखं फिरवलं. म्हणून देवानं ते तुमच्यापासून काढून घेतलं. या पास्टरनं नाही, देवानं. ही मंडळी बुडून राहिली हाये आणि बुडन. दार बंद होईन, कुलूप लागन. तुम्ही तेच कमावलं. मले एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली.  कुलर चालू होते. भूपेश पुढच्या वाक्याची वाट पाहत होता, ते आलं नाही, तेव्हा त्याला 'पण' म्हणजे काय ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

मग खुर्ची सरकली. रुपराव उठत होते. दामिनी आनंदाने पुढे सरसावून बसली. बोला, रुपरावकाका, बोला आता. काढा बाहेर मला.

रुपराव कसेबसे मेजापाशी आले. त्यांनी मंडळीकडे तोंड केलं.

"बाई खोटं नाही बोलली," ते म्हणाले. "मी त्या दिवशी मैनाबाईचा हात पाहिला होता. पाहून ताट उचललं. मले वाटलं मी देवाची इज्जत राखून राहिलो. तवापासून जेवाले बसलो का तो हात दिसते मले. कोणाले सांगू? आणखी कितीजणांवरून नेलं, म्हटलं आपण बरोबर असलो पाहिजे. बरोबर नव्हतो." त्यांचा आवाज फुटला. "मातीले जाऊ नका असं मीच म्हटलं होतं. माह्या तोंडात किडे पडोत."

आणि ते रडायला लागले, लहान पोरासारखं, नाक गळतंय त्याची शुद्ध नाही. बायांच्या ओळीतून वंदना नावाची एक बाई उठली, तिच्यासोबत तिची जाऊ उठली. त्या दोघी वर्षभर बोलत नव्हत्या म्हणे, आता एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पुरुषांत कोणी गुडघ्यांवर आलं. बघता बघता सगळं छपर रडण्याने भरून गेलं.

दामिनीने पर्स उचलली.

"ताई, थांबा न," भूपेश दारापाशी तिच्यामागे आला. त्याचेही डोळे भरले होते. "पाहा न काय होऊन राहिलं! तुमच्यामुळे झालं, ताई."

"माह्यामुळे नाही. त्याच्यामुळे," तिने बोट वर केलं. "त्याले हेच पाहिजे असते. रडा म्हणा सगळे. सस्त्यात निपटलं."

समोर रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाचा ओटा होता आणि ओट्याला लागून एक उंच भरलेला ठेला उभा होता, खोक्यांवर ताडपत्री बांधलेला. त्याची चांगली सावली ओट्यावर पडली होती. दामिनी तिथे जाऊन बसली. घरी जायला ऑटो मिळाला असता. पण तिला पाहायचं होतं. कदाचित रडणं ओसरल्यावर पुन्हा भांडतील. रुपराव फिरतील. माणसाचा भरवसा नाही. तिला आशा होती.

"पाहिलं न?" ती देवाला म्हणाली, मोठ्याने, कारण रस्त्यावर कोणी नव्हतं. "मी काय म्हटलं होतं घरी? हेच म्हटलं होतं. तुले थोडंही थांबता नाही आलं का? माह्या मायचा हात किती वेळ तसाच होता, माहीत हाये तुले? एवढा वेळ तर त्याले टांगून ठेवायचं होतं! त्यापेक्षा मले ने वर. नाही पाहिजे मले ही तुही दया."

आतून गाणं सुरू झालं. जुनं, संथ चालीचं, पश्चात्तापाचं गाणं. तिच्या आईला पाठ होतं. दामिनीने कानावर पदर ओढला. त्यातल्या त्यात सावली बरी होती, खोक्यांच्या फटीतून थोडा वारा येत होता. या एकाच गोष्टीचं तिला त्या सकाळी सुख वाटलं.

तेवढ्यात गल्लीतून एक माणूस आला, गळ्यात गमछा. त्याने ठेल्याच्या चाकाखालचा दगड काढला.

"हे कायले घेऊन जाऊन राहिला, भाऊ?" दामिनी ओरडली.

"न्यायचा हाये," तो म्हणाला. "माल पोचवाचा हाये."

"आज रविवार हाये! राहू दे न इथं. मी बसली हावो, दिसत नाही का? एवढ्या उन्हात माणसाच्या डोक्यावरची सावली काढून न्याले काही वाटते का नाही?"

तो माणूस थांबून तिच्याकडे पाहू लागला. एवढ्या रागाने त्याच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नसावं.

"बाई, ठेला माहा हाये," तो म्हणाला. "भरला मी, ओढतो मी. तुम्ही तर नुसत्या बसल्या." आणि ठेला ओढून निघून गेला.

ऊन एकदम दामिनीच्या डोक्यावर आदळलं. ती तिथेच बसून राहिली, तोंड उघडं. जो अध्याय ती आयुष्यभर टाळत आली होती, तो तिला इतवारीच्या रस्त्यावर गमछावाल्या माणसाने वाचून दाखवला होता. रोपट्याखाली सावलीला बसलेला योना, रोपटं सुकल्यावर मरणाचा चिडलेला योना, आणि देवाचं ते विचारणं. रोपट्यासाठी तू इतका तळमळतोस, मग एवढ्या मोठ्या गावासाठी मी तळमळू नये? तिला हसू यायला हवं होतं. तिला जास्तच राग आला. देवाने असं चौकात पकडावं, हे त्याला शोभत नाही असं तिला वाटलं.

आतलं गाणं संपलं.  मग कृपासदनाचं दार उघडलं आणि रुपराव बाहेर आले. एकटे. दोन्ही हातांत ते पितळी ताट, त्यावर मेजावरून काढलेलं लाल किनारीचं कापड. त्यांनी रस्ता ओलांडला. पायात काही नव्हतं. मेजापाशी जाताना वहाणा काढतात, त्या घालायच्या राहिल्या होत्या. डांबर वितळायला आलं होतं. ते पाय उचलून उचलून टाकत आले आणि ओट्यासमोर उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "पास्टरनं भाकर मोडली. कोणी घेतलं नाही अजून. सारे थांबले हायेत. मी म्हटलं, पयले मैनाबाईच्या पोरीले, मंग आपल्याले. तू नाही घेतलं तर आमी बी नाही घेत. ताट वापस नेऊन ठेवतो. तुह्यावर हाये."

दामिनीने हात पदराखाली घट्ट धरले होते. तिला हवं तेच समोर आलं होतं. नाही म्हणायचं, बस्स. तो म्हातारा वळेल, ताट आत जाईल, आणि कृपासदनातला प्रत्येक माणूस आईसारखा हात रिकामा घेऊन घरी जाईल. तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

रुपरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. थेंब ताटावरच्या कापडावर पडत होते. त्या कापडाच्या कांड्या भरणारी बाई, जिला वहिनीने रडत रडत वाढलं आणि जिने मान हलवून नाही म्हटलं नाही, तिचे शब्द दामिनीला आठवले. आठवले म्हणजे कोणी आणून समोर ठेवले. रडणाऱ्याच्या हातचं कसं नाही म्हणू?

तू पण त्यांच्याचकडून, ती आईला मनात म्हणाली. मी एकटीच तुझ्याकडून होते. तू तर माझ्याकडून नव्हतीसच कधी.

राग तसाच होता. तो गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल.  तिची नजर रुपरावांच्या पायांवर गेली. डाव्या अंगठ्याजवळ जुन्या जखमेचा काळा वण होता आणि तो पाय ते खाली टेकत नव्हते.

"शुगर असून उघड्या पायानं डांबरावर आले?" ती खेकसली. "अक्कल हाये का काही? पाय कापायची वेळ आणता का पुन्हा? माह्या मायनं त्या पायासाठी किती रविवार घातले, माहीत हाये का तुमाले?"

रुपरावांना माहीत नव्हतं. 

दामिनीने आपल्या चपला काढून पायाने त्यांच्यापुढे सरकवल्या.

"घाला आधी," ती म्हणाली, आणि ओट्यावरून उतरून त्यांनी त्या घालेपर्यंत चटका सोसत उभी राहिली. मग तिने पदराखालून हात काढला आणि पुढे केला.